पंक्तिप्रपंच

पंगतीत एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात नुसता भात, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. आपल्या आज्या-पणज्या हे पाप मानायच्या. पण त्याच आज्या स्वतः मात्र सगळ्यांची पानं उठल्यावर, चुलीपुढे बसून, उरलंसुरलं खायच्या. त्याला कुणी पंक्तिप्रपंच म्हटलं नाही. कारण बाईचं पान पंगतीत मोजलेलंच नव्हतं. जी पंगतीतच नाही तिच्यावर पंगतीत अन्याय कसा व्हायचा?

हे सगळं वाड्यांबरोबर गेलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या विद्यापीठाच्या महोत्सवी स्नेहभोजनाला एकदा जाऊन पाहावं. पाहुणी म्हणून नव्हे, कर्मचारी म्हणून. मी गेली बावीस वर्षं एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी करते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका विद्यापीठाचा नाही. हे वाचणाऱ्या ज्या मैत्रिणी कुठल्याही विद्यापीठात, महाविद्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा बँकेत काम करतात, त्यांना आपल्याच कार्यालयाची गोष्ट वाचतो आहोत असं वाटलं तर मला नवल वाटणार नाही.

सुरुवात पत्रिकेपासून करू. जाड कागदाची, सोनेरी अक्षरांची पत्रिका. शेवटची ओळ : 'आपण सपत्नीक उपस्थित राहून समारंभाची शोभा वाढवावी.' हीच पत्रिका स्त्री अधिकाऱ्यांच्या टेबलावरही आली. एका विभागप्रमुख बाईंच्या लिफाफ्यावर नावाआधी 'सौ.' आणि आत 'सपत्नीक'. आता या बाईंनी पत्नी कुठून आणावी? त्या दिवशी डबा खाताना आम्ही पोट धरून हसलो. पण हसून विषय संपत नाही. पत्रिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे 'विद्यापीठाचा माणूस' म्हणून जो उभा होता तो पुरुष होता, आणि बाई होती ती त्याच्याबरोबर येणारी. तीस तीस वर्षं हजेरीपटावर सही करणाऱ्या बायका त्याला दिसल्याच नाहीत.

'शब्दांचं काय घेऊन बसलात?' असं विचारणारे नेहमी भेटतात. त्यांना हंसा मेहतांची आठवण द्यावी. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ मध्ये मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमाचा मसुदा 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल अशा इंग्रजी शब्दांत होता. भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसाबेननी आग्रह धरला आणि त्या जागी 'सर्व मानव' असा शब्दप्रयोग आला. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. जगाच्या जाहीरनाम्यातला शब्द एका कुलगुरू बाईला बदलून घेता आला, तर आमच्या पत्रिकेतला 'सपत्नीक' हा शब्द बदलायला कोणती अडचण आहे?

पत्रिकेपाठोपाठ एक परिपत्रक आलं. पत्रिका सगळ्यांसाठी होती, परिपत्रक फक्त आमच्यासाठी. 'सर्व महिला कर्मचाऱ्यांनी पारंपरिक वेशात दुपारी तीन वाजता मुख्य इमारतीसमोर उपस्थित राहावे. अनुपस्थितीची गंभीर दखल घेण्यात येईल.' खाली समित्यांची यादी. अर्थ समिती, निमंत्रण समिती, स्मरणिका समिती, वाहन समिती, सगळ्या पुरुषांच्या. त्यांत नावापुरती एखादी बाई. स्वागत समिती आणि रांगोळी समिती मात्र संपूर्ण बायकांच्या. पैसा कुठे जाणार, व्यासपीठावर कोण बसणार, स्मरणिकेत कोणाचा लेख येणार हे ज्यांनी ठरवायचं ते एकीकडे. दारात तबक घेऊन ज्यांनी उभं राहायचं त्या दुसरीकडे. परीक्षेचे लाखो निकाल बिनचूक लावणाऱ्या बायका दाराशी येताना गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बायका होऊन जातात.

पाहुणे सहाला येणार होते. मंत्रिमहोदय आठला आले. तीन ते आठ आम्ही उभ्या. बसायला खुर्ची नव्हती, कारण स्वागत समिती बसलेली बरी दिसत नाही. आमच्यातली एक सात महिन्यांची गरोदर होती. तिने दोनदा आत जाऊन पायरीवर टेकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एका साहेबांनी येऊन 'मॅडम, पाहुणे येतील कधीही' असं हसून सांगितलं. हसून सांगितलेल्या हुकुमाला उत्तर देणं फार अवघड असतं.

औक्षणाची गोष्ट याहून वाईट. औक्षणासाठी पाचजणींची यादी झाली होती. त्यात आमच्या विभागातली सर्वांत ज्येष्ठ सहकारी होती. आदल्या संध्याकाळी तिचं नाव कुणीतरी खोडलं. कारण कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, रांगोळीत रंग भरत बसली, आणि पाहुणे यायच्या वेळी आपण होऊन मागच्या बाजूला निघून गेली.

ज्या राज्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं, त्या राज्यात हे घडतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जे समजलं ते डॉक्टरेट पदव्या वाटणाऱ्या संस्थेला समजू नये? कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे आमच्या विद्यापीठात कुणी करत नाही. इथे फक्त यादीतलं नाव खोडतात. सुशिक्षितांची पद्धत एवढीच वेगळी. आणि माझा मूळ प्रश्न तर वेगळाच आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात पदाधिकाऱ्यांना ओवाळायचंच कशासाठी? ओवाळणारी नेहमी बाई आणि ओवाळून घेणारा नेहमी पदावरचा, या चित्रात कुठलं शिक्षण आहे?

आता पंगतीकडे या. जेवणाच्या तीन जागा होत्या. सभागृहात पांढऱ्या अभ्र्यांची गोल टेबलं, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. तिथे पाहुणे, व्यवस्थापन परिषदेचे सदस्य, अधिकारी आणि त्यांच्या पत्नी. बाहेर मंडपात प्राध्यापक आणि आम्ही, हातात ताट घेऊन रांगेत. आणि स्वयंपाकघराच्या मागे, भांडी घासायच्या जागेशेजारी, सफाईच्या बायका. त्यांच्यासाठी जागा अशी नव्हतीच. त्या पायरीवर बसल्या होत्या. सभागृहातलं शेवटचं टेबल उठल्यावर, रात्री साडेअकराला, त्यांना जेवण मिळालं. तोवर गोड संपलं होतं.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींचं काय? त्यांना बोलावणंच नव्हतं. विद्यापीठाच्या वर्गांत रोज शिकवतात, उत्तरपत्रिका तपासतात, पण 'आपल्यापैकी' नाहीत. त्यांतल्या दोघींना सूत्रसंचालनासाठी मात्र बोलावलं होतं. उच्चार चांगले आहेत म्हणून. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी जेवायचं की जायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या न जेवताच गेल्या.

पंक्तिप्रपंच तो हाच. पदाची उतरंड, नोकरीच्या कायमपणाची उतरंड, जातीची उतरंड आणि बाईपणाची उतरंड, चारही एकाच संध्याकाळी, एकाच आवारात, ताटांच्या भाषेत मांडून ठेवलेल्या. पायरीवर बसलेल्या त्या बायका कोणत्या वस्त्यांतून येतात हे सांगायला समाजशास्त्राचा विभाग लागत नाही. आणि सभागृहातल्या गोल टेबलांवर बसलेल्या बायकांना त्या पायरीवरच्या दिसत नाहीत, यात त्या बायकांचा दोष शोधत बसण्यापेक्षा टेबलं मांडणाऱ्याचा हेतू शोधावा.

'एका जेवणाचा एवढा बाऊ कशाला?' हा पुढचा आक्षेप. महाराष्ट्रात तरी हा आक्षेप कुणी घेऊ नये. कोण कुणाच्या हातचं खातो, कोण कुणाच्या पाणवठ्यावर पाणी पितो, यावरच तर आपली दीड-दोनशे वर्षांची सगळी सामाजिक भांडणं झाली. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहापानाला गेली, तर त्यावरून ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं ते काही तहान लागली म्हणून नव्हे. ताट आणि पाणी यांत माणसाची किंमत ठरते हे आपल्या इतिहासाला पक्कं ठाऊक आहे. विसरलं आहे ते विद्यापीठांना, ज्यांच्या भिंतींवर या सर्वांच्या तसबिरी आहेत आणि जिथे ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला न चुकता हार घातला जातो.

विद्यापीठाची पंगत आणि बाई यांचं नातं तर जगभरच असं आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, पण पदवीसाठी बायकांना दार उघडायला १८८३ उजाडलं. त्याची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, नाशिकमध्ये जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली. इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावी असे गुण तिने मिळवले आणि बाई आहे म्हणून ती शिष्यवृत्ती तिला नाकारण्यात आली. इतरांच्या मदतीने ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच १९२० मध्ये केली. केंब्रिजने तर १९४८ पर्यंत वाट पाहायला लावली. शिका, पण आमच्यातल्या होऊ नका, असा हा व्यवहार होता.

या व्यवहाराचा हिशेब व्हर्जिनिया वुल्फने जेवणावरूनच मांडला. १९२८ मध्ये केंब्रिजच्या बायकांच्या दोन महाविद्यालयांत तिने भाषणं दिली, त्यांतून १९२९ चं तिचं प्रसिद्ध पुस्तक झालं. पुरुषांच्या महाविद्यालयातलं चमचमीत जेवण आणि बायकांच्या महाविद्यालयातलं साधं, कोरडं जेवण शेजारी शेजारी ठेवून तिने विचारलं की हा फरक आला कुठून? उत्तर होतं पैशात आणि मालमत्तेत. पुरुषांच्या संस्थांना शतकानुशतकं देणग्या मिळत आल्या. बायकांच्या हातात स्वतःचा पैसाच नव्हता, तर त्या आपल्या मुलींच्या संस्थेला काय देणार? ताटात काय पडतं यावरून सत्ता कुणाची हे ओळखता येतं, हे तिचं म्हणणं आजही आपल्या कामाचं आहे.

आणि ताटावर बोलावलं म्हणजे मान दिला असंही नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या कायदा शाळेत सुमारे पाचशे विद्यार्थ्यांच्या तुकडीत नऊ मुली होत्या. अधिष्ठाता अर्विन ग्रिस्वोल्ड यांनी त्या नऊजणींना घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर प्रत्येकीला विचारलं, एका पुरुषाला मिळाली असती ती जागा तुम्ही का घेतलीत? त्या नऊजणींत रूथ बेडर गिन्सबर्ग होती, जी १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची न्यायाधीश झाली. त्या रात्री तिने काय उत्तर दिलं? आपला नवरा इथेच वरच्या वर्गात आहे, आणि बायकोने नवऱ्याचं काम समजून घेणं चांगलं, असं. एवढ्या बुद्धिमान बाईलाही यजमानाच्या घरी बसून यजमानाला रुचेल असंच बोलावं लागलं. पाहुणचार स्वीकारलेल्या माणसाचं तोंड बांधलेलं असतं. हे आमच्या साहेबांनाही चांगलं माहीत आहे.

म्हणूनच आमच्याकडे प्रत्येक भाषणात एक वाक्य असतं : 'हे विद्यापीठ म्हणजे एक मोठं कुटुंब आहे.' मैत्रिणींनो, या वाक्याला आपण टाळ्या वाजवायचं थांबवलं पाहिजे. कारण सगळी गोम त्याच वाक्यात आहे. कुटुंब म्हटलं की कामाचे तास मोजायचे नाहीत. कुटुंब म्हटलं की पाहुण्यांचं सगळं बायकांनी बघायचं, आणि त्यांनी शेवटी जेवायचं. घरातल्या कार्यात कुणी ओव्हरटाइम मागतं का? घरातल्या बाईने दमले म्हणून सांगितलं तर ती मोडता घालणारी ठरते. आपण घरात ज्या जोखडाशी भांडतो आहोत तेच जोखड 'कुटुंब' या गोड शब्दात गुंडाळून कार्यालयात आणलं जातं. विद्यापीठ हे घर नाही. ते कामाचं ठिकाण आहे. तिथे आम्ही सुना नाही, लेकी नाही, वहिनी नाही. आम्ही कर्मचारी आहोत.

याची किंमत किती आहे ते पाहा. त्या दिवशी वाहनचालकांनी आणि वीजतंत्रींनी रात्री बारापर्यंत काम केलं. त्यांना अतिकालिक भत्ता मिळाला. मिळायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्वागत समितीतल्या बायकांनी तीन वाजल्यापासून काम केलं. त्यांना एक छापील आभारपत्र मिळालं. आम्ही काहीजणींनी लेखी अर्ज केला की आम्हाला किमान एक दिवसाची बदली रजा मिळावी. उत्तर आलं की स्वागत समितीचं काम हे कर्तव्याचा भाग नसून ऐच्छिक सहभाग होता. ऐच्छिक! मग परिपत्रकात 'अनुपस्थितीची गंभीर दखल' कशाची घेणार होते? न येणारीला शिक्षा आणि येणारीला मोबदला नाही, ही कुठली इच्छा? या एकाच कार्यालयाने काढलेले हे दोन कागद मी शेजारी शेजारी फाईलला लावून ठेवले आहेत. बायकांच्या श्रमाबद्दल आपल्या समाजाचं जे मत आहे ते त्या दोन कागदांत पुरतं आलं आहे. करायचं असतं तेव्हा ते कर्तव्य असतं, मोजायचं असतं तेव्हा ती आवड असते.

सफाईच्या बायकांची गोष्ट याहून कठीण. ठेकेदाराने त्यांची हजेरी सहापर्यंतच लावली. सहा ते बारा या तासांचं काय? एकीने धीर करून विचारलं. पुढच्या आठवड्यात तिची मुख्य इमारतीतून आवाराच्या पार टोकाच्या वसतिगृहात बदली झाली. आता तिला बसथांब्यापासून रोज दोन वेळा अर्धा तास चालावं लागतं. विद्यापीठ म्हणतं, हा ठेकेदाराचा प्रश्न. पण ठेकेदाराने मजुरी चुकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मान्य झालेलं आहे. ज्या विद्यापीठात कामगार कायदा हा विषय शिकवला जातो, त्याला हे आम्ही शिकवायचं का?

रात्री घरी जाण्याचं पाहा. पाहुण्यांसाठी गाड्या, अधिकाऱ्यांसाठी गाड्या. आमच्यासाठी 'आपापली व्यवस्था'. आवाराच्या बाहेर रात्री बारानंतर रिक्षा मिळत नाही. कुणाचा नवरा आला, कुणाचा मुलगा आला. ज्यांचं कुणी नव्हतं त्या तिघी-तिघी मिळून चालत निघाल्या. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती घ्यायची, तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय करायची, असं सांगितलं. कापडाच्या दुकानाकडून जी अपेक्षा धरली जाते ती विद्यापीठाकडून धरायची नाही?

आणखी एक गोष्ट आपण साऱ्याजणींनी लक्षात ठेवायला हवी. अशा समारंभात एखादा वरिष्ठ बाईच्या साडीवर शेरा मारतो, फोटोच्या निमित्ताने खांद्यावर हात ठेवतो, आणि बाईला वाटतं की हे कार्यालय नाही, ही पार्टी आहे, इथे तक्रार कशी करणार? हा गैरसमज आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवीवरच्या अत्याचारानंतर बायकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, त्यातून १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कायदा. या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या कार्यालयाच्या चार भिंतींपुरती नाही. नोकरीच्या निमित्ताने जिथे जिथे बाई जाते ते सगळं, मालकाने दिलेल्या वाहनासकट, कामाचं ठिकाण आहे. म्हणजे स्नेहभोजनाचा मंडपही. तक्रार तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी करता येते. विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची वेगळी नियमावली आहे. कंत्राटी बाईलाही हा हक्क आहे. हे मंडपाच्या दारात, मेनूच्या फलकाशेजारी मोठ्या अक्षरांत का लावू नये?

'पण बायकांना हे आवडतं,' असं सांगितलं जातं. हो, आवडतं. नटणं आवडतं, एकत्र जमणं आवडतं, चार माणसांत मिरवणं आवडतं. घर आणि कार्यालय यांच्यामध्ये धावणाऱ्या बाईला एक संध्याकाळ पैठणी नेसून मैत्रिणींबरोबर फोटो काढावेसे वाटले तर त्याची टिंगल मी कधीच करणार नाही. ती संध्याकाळ तिच्या हक्काची आहे. प्रश्न इतकाच की तिला आनंद मिळावा म्हणून ती संध्याकाळ आखलेली होती का? असती, तर तिला बसायला खुर्ची असती, जेवायला वेळ असता आणि घरी जायला गाडी असती.

'आता तर बायका कुलगुरू होतात,' असंही सांगितलं जातं. होतात, आणि त्याचा आनंद आहे. पण एक बाई मुख्य टेबलावर बसली म्हणून पायरीवरची बाई आपोआप उठून खुर्चीवर येत नाही. त्यासाठी नियम बदलावा लागतो, आणि नियम मागितल्याशिवाय बदलत नाहीत.

मग मागायचं काय? स्नेहभोजनावर बहिष्कार घाला असं मी म्हणत नाही. बहिष्कार घातला तर आपली जागा रिकामी राहील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपण पंगतीला जायचं, पण आधी अटी लिहून द्यायच्या. आमच्या गटाने कर्मचारी संघटनेपुढे या मागण्या ठेवल्या आहेत :

एक, कार्यक्रमाच्या प्रत्येक समितीत, अर्थ समितीसकट, निम्म्या स्त्रिया असाव्यात. स्वागत समितीत निम्मे पुरुष असावेत. पुरुषांनाही गुलाबपाणी शिंपडता येतं.

दोन, पत्रिकेतून 'सपत्नीक' आणि लिफाफ्यावरून 'सौ.' जावं. बाईचं लग्न झालं की नाही, नवरा आहे की नाही हा विद्यापीठाच्या कामकाजाचा भाग नाही. औक्षण बंद व्हावं.

तीन, समारंभासाठी केलेलं काम हे काम आहे. त्याची हजेरी लागावी, त्याची बदली रजा किंवा भत्ता मिळावा. कंत्राटी कामगारांना त्या तासांची मजुरी विद्यापीठाने स्वतः लक्ष घालून मिळवून द्यावी. विचारणाऱ्या बाईची बदली रद्द व्हावी.

चार, गरोदर, आजारी आणि वयस्क कर्मचाऱ्यांना अशा कामातून न मागता सूट मिळावी, आणि बाकीच्यांना बसायला खुर्च्या असाव्यात.

पाच, रात्री नऊनंतर थांबणाऱ्या प्रत्येकीला घरापर्यंत वाहन मिळावं.

सहा, पंगत एक असावी. जागा एक, जेवण एक, वेळ एक. सफाईच्या बायकांनी आधी जेवावं आणि मग कामाला लागावं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बोलावणं जावं.

यातली एकही मागणी महाग नाही. व्यासपीठावरच्या फुलांच्या सजावटीत यातल्या निम्म्या पूर्ण होतील. संघटनेच्या बैठकीत आम्ही हे मांडलं तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, 'वेतन आयोगाच्या थकबाकीचा लढा चालू असताना हे जेवणाचं कुठे काढता?' लढ्यांची ही उतरंडही आपल्या ओळखीची आहे. बायकांचा प्रश्न नेहमी पुढच्या बैठकीत. आम्ही म्हटलं, थकबाकीच्या मोर्चात आम्ही पुढे असतो, तशाच राहू. पण सफाईच्या बाईचे सहा तास ही सुद्धा थकबाकीच आहे. बराच वाद झाला. शेवटी तिसरी आणि पाचवी मागणी संघटनेच्या मागणीपत्रात आली. बाकीच्या चार आमच्या आम्ही लावून धरणार आहोत. बदली झालेल्या त्या मैत्रिणीच्या बाजूने सह्यांचं निवेदन तयार झालं आहे. पहिल्या सह्या परीक्षा विभागातल्या बायकांच्या आहेत, आणि आजवर कधीच कुठल्या कागदावर सही न केलेली, औक्षणाच्या यादीतून खोडलेली आमची ज्येष्ठ सहकारी त्यांत सर्वांत वर आहे.

तुमच्या संस्थेचा रौप्य, सुवर्ण किंवा अमृत महोत्सव जवळ आला असेल तर आतापासून कामाला लागा. समित्यांची यादी फलकावर लागण्याआधी प्रमुखांना भेटा. तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. परिपत्रक जपून ठेवा. सफाईच्या, स्वयंपाकघरातल्या, वसतिगृहातल्या बायकांना बरोबर घेतल्याशिवाय एकही मागणी करू नका, नाहीतर आपणच नवा पंक्तिप्रपंच करू. आणि काय घडलं ते या अंकाला कळवा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या गावातल्या बायकांना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागणार नाही.

— परीक्षा विभागातील एक कर्मचारी